पार्क स्ट्रीटचा मोदक

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे. शिसवाचे आहे, एका टोकाला तुटलेले आहे आणि रागीट आहे. लाटण्याला कसला आलाय राग, असे तुम्ही म्हणाल. लाटणे म्हटले की तुम्हाला नवऱ्याच्या पाठीत बसणारी वस्तू आठवते आणि तुम्ही खो खो हसता. मी आजवर कोणाच्याही पाठीत बसलेले नाही. एकदा मात्र फार वाटले होते. तीच हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म सावंतवाडीचा. तिथल्या विनायक नावाच्या कारागिराने मला मधे किंचित फुगीर आणि टोकांना निमुळते असे कातले, आठ दिवस तेलात मुरवले आणि मग दुकानात मांडले. माझ्या शेजारी लाखेच्या रंगांची खेळणी होती. गिऱ्हाइके आधी त्यांच्याकडे वळत. एके दिवशी एका बाईंनी मला उचलले, तळहातावर तोलले, पालथ्या मनगटावर दोनदा फिरवले आणि पिशवीत टाकले. ती नलिनीची आई. लेकीच्या रुखवतात लाडू-चिवड्याच्या ताटांमागे तिने मला ठेवले. पाहुण्यांनी ताटांचे कौतुक केले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. तेव्हा मला राग आला नव्हता, कारण मी नवे होते.

नलिनीचे यजमान दत्तात्रयराव आठल्ये केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होते. १९६८ साली त्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि पोळपाटाला बांधून मीही आगगाडीने तिकडे गेले. शहराच्या बेहाला भागात कालिंदीबाईंच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला. कालिंदीबाई जन्माने कलकत्तेकर. त्यांचे वडील पूर्वी वाईहून गणित शिकवायला आले आणि इथेच राहिले. बाई स्वतः शाळेत शिकवत, मराठी बोलताना मधूनच बंगालीत शिरत आणि नलिनीच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय शिरत.

मी रोज दोन वेळा पोळ्या लाटल्या. कालिंदीबाईंनी शिकवल्यावर लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्याही लाटल्या. दिवाळीला चिरोटे, शंकरपाळे, करंज्या. नलिनीचा हात हलका होता. ती मला दाबत नसे, नुसती पुढे ढकलत असे, आणि पोळी आपली आपण गोल फिरे. तिची एक सवय होती, ती लक्षात ठेवा. करंज्या झाल्या की शेवटच्या गोळीचा ती एक मोदक करी, आणि मोदक केले की एक करंजी. करंजी ही मोदकाची बहीण, एकाला सोडून दुसरीला तळू नये, असे तिची आई सांगे. नलिनीला आता ते आठवावेही लागत नसे. पीठ संपत आले की तिची बोटे आपोआप पाकळ्या घालू लागत.

आणि दत्तात्रयराव? मीठ कमी पडले की ते बोलत. मीठ बरोबर असले की वर्तमानपत्र वाचत. पाच वर्षांत "छान झालंय" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. नलिनी वाट पाहायची. वाढताना क्षणभर थांबायची, त्यांच्या तोंडाकडे पाहायची आणि मग आत यायची. तिला दागिने नको होते की साड्या नको होत्या. तिच्या हातचे ते तिचे आहे, एवढे कोणीतरी चारचौघांत म्हणावे, एवढीच तिची इच्छा होती.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. दत्तात्रयराव त्यांचे वरिष्ठ सेनसाहेब यांच्या घरून जेवून आले ते हवेतच.

"शनिवारी संध्याकाळी साहेब आणि मिसेस सेन आपल्याकडे येताहेत. आणखी आठजण आहेत. त्यांच्याकडे काय होतं माहीत आहे? पेस्ट्रीत गुंडाळलेले छोटे छोटे सॉसेज. आपणही तेच करायचं."

नलिनी म्हणाली, "अहो, आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"सोपं असतं गं ते! गुंडाळायचं आणि भाजायचं. मिसेस सेन स्वतः म्हणाल्या, एकदम सोपं."

"त्यांच्याकडे खानसामा आहे."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोडा घालायचा असतो."

सोपे! मित्रांनो, हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मला तळपाय नाही आणि मस्तकही नाही, तरी जाते. जो कधी पोळपाटाशी बसला नाही, तोच नेमका हा शब्द वापरतो.

शनिवारी सकाळी त्यांनी न्यू मार्केटातून कागदात गुंडाळलेले चार डझन सॉसेज आणून ओट्यावर ठेवले आणि खुर्च्या उसन्या मागायला निघून गेले. नलिनी बराच वेळ त्या पुडक्याकडे पाहत उभी राहिली. तिने जन्मात मांसाला हात लावला नव्हता. मग तिने पदर खोचला. पेस्ट्रीला पदर सुटले पाहिजेत, एवढे तिला कळले होते, आणि पदर सुटणारी एक गोष्ट तिला चांगली येत होती. तिने चिरोट्याचे पीठ भिजवले.

मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन, दुधात घट्ट भिजवलेला गोळा, वर ओले फडके. दुसरीकडे लोणी आणि कॉर्नफ्लोअर हलके होईपर्यंत फेसून साटा. मग माझी पाळी. एक पातळ पोळी, तिच्यावर साटा. दुसरी पोळी, पुन्हा साटा. तिसरी. तिन्हींची घट्ट वळी, वळी कापून पुन्हा लाटणे, घडी घालून पुन्हा लाटणे. करंजीच्या कातण्याने तिने नागमोडी काठाच्या पट्ट्या कापल्या. मग डोळे मिटून पहिला सॉसेज चिमटीत धरला. त्याचा वास तिला सहन होईना. ती दोनदा मोरीपाशी जाऊन आली. पण दहाव्या सॉसेजनंतर तिने डोळे उघडले आणि विसाव्यानंतर तिचा हात चालू लागला. दोन्ही टोके बाहेर, मधे तिरकी पट्टी, वरून दुधाचा हात. अंडे लावत नाही म्हणजे नाही, असे ती माझ्याशी बोलल्यासारखी म्हणाली.

पहिला घाणा विजेच्या ओव्हनमध्ये ठेवला आणि पाचव्या मिनिटाला वीज गेली. बेहाल्यात ती रोजच जायची, पण त्या दिवशी दुपारी तीनला जायला नको होती. बाहेर खुर्च्या मांडणारे दत्तात्रयराव ओरडले, "आता काय? पाच वाजता माणसं येतील!"

नलिनीने कोळशाची शेगडी पेटवली, मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, तिच्यावर ताटली ठेवून वर झाकण घातले आणि झाकणावर निखारे ठेवले. लहानपणी तिची आई अशीच नानकटाई भाजायची. दर घाण्याला निखारे बदलायचे, डोळ्यात राख जायची, बोटे भाजायची. दीड तास ती तशी बसली होती. शेवटच्या घाण्याच्या वेळी पिठाचा एक चुकार गोळा उरला. तिच्या बोटांनी त्याची पारी केली, चिमूटभर साखर घातली, पाकळ्या घातल्या आणि तो सॉसेजच्या रांगेत ठेवून दिला. तिच्या लक्षातही आले नाही.

पाहुणे आले. वीजही आली, काम संपल्यावर. नलिनी अंघोळ करून साडी बदलून पुन्हा ओट्यापाशी आली आणि ओल्या फडक्याने मला पुसू लागली. मधे फक्त एक पडदा होता. बाहेरचा प्रत्येक शब्द आम्हाला ऐकू येत होता.

कुरकुर आवाज आला, पदर तुटल्याचा. मग मिसेस सेन म्हणाल्या, "मिस्टर आठल्ये, ये तो हमारे से भी अच्छे हैं! कहाँ से मँगवाए?"

नलिनीचा हात थांबला. फडके माझ्यावर तसेच राहिले. पाच वर्षे जे ऐकायची ती वाट पाहत होती ते आता येणार होते, तेही साहेबांसमोर.

दत्तात्रयराव म्हणाले, "पार्क स्ट्रीट से. एक दुकान है. स्पेशल ऑर्डर दी थी."

इथून पुढे मी त्याला राव म्हणणार नाही. अहोजाहोही करणार नाही.

नलिनीची बोटे माझ्याभोवती अशी आवळली की मला वाटले, मी आता मधून मोडणार. ती रडली नाही. तिचा श्वास नाकातून जोरात बाहेर पडत होता. चार डझन! भाजलेली बोटे, राखेने लाल झालेले डोळे, आणि तो माणूस बाहेर बसून दुकानाची शेखी मिरवत होता! घरात खानसामा नाही, हे साहेबाला कळू नये म्हणून! मित्रांनो, त्या घडीला मला हात असते तर कोणाच्या तरी पाठीचे काही खरे नव्हते.

तेवढ्यात मिसेस सेन यांचा आवाज आला, "अरे, ये क्या है? इसमें तो चीनी है!"

खोलीत खुर्च्या सरकल्या. मग कालिंदीबाई हसू लागल्या. त्याही पाहुण्यांत होत्या. त्यांचे हसू वरच्या मजल्यावरून गल्लीत ऐकू जाईल असे असते.

"मिसेस सेन, एटा मोदक! आमच्यात पिठाचं असं काही केलं की शेवटी हा करतात," त्या म्हणाल्या. पुढचे त्यांनी मुद्दाम सगळ्यांना समजेल असे हिंदीत म्हटले, "क्यों आठल्ये, ये पार्क स्ट्रीटवाला गणपती का भक्त लगता है!"

कोणी हसले, कोणी खोकले. दत्तात्रय म्हणाला, "हाँ हाँ, मैं तो मज़ाक कर रहा था." एवढेच म्हणाला. कोणी केले ते तेव्हाही त्याच्या जिभेवर आले नाही.

पडदा नलिनीनेच सारला. मी तिच्या हातात होते, आणि मला खाली ठेवायचे तिला सुचले नाही, की सुचूनही तिने ठेवले नाही, ते मला आजतागायत कळलेले नाही. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"आपने बनाया?" मिसेस सेन यांनी विचारले.

"जी," नलिनी म्हणाली. तिचे हिंदी बेताचेच होते. "अड़तालीस. और वो एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रय स्वयंपाकघरात आला. "तुझ्या एका मोदकापायी माझी शोभा झाली. आणि वर हातात हे घेऊन बाहेर आलीस!" असे म्हणून त्याने मला उचलले आणि गॅलरीतून खाली भिरकावले. मी फरशीवर आपटले. माझे उजवे टोक तुटले. विनायकाने आठ दिवस तेलात मुरवलेले टोक! तेव्हापासून मला उजव्या बाजूला धरायला जागा नाही.

नलिनी खाली आली, तिने मला उचलले, तुटका तुकडाही उचलला. वर जाऊन मला धुऊन फडताळात ठेवले आणि फडताळ बंद केले. त्या दिवशी दत्तात्रयच्या पानात दुकानातला पाव होता.

"पोळी?"

"दुकानातलं चांगलं असतं ना? स्पेशल आहे."

दुसऱ्या दिवशीही पाव. डब्यातही पाव. आठ दिवस मी अंधारात पडून होते आणि आयुष्यात प्रथमच काही न करता मला समाधान वाटत होते. नवव्या दिवशी दत्तात्रय फडताळापाशी आला, त्याने मला बाहेर काढले, तुटक्या टोकावरून बोट फिरवले आणि मला ओट्यावर ठेवले. "चुकलं," असे तो म्हणाला, पण इतक्या हळू की ते फक्त मी ऐकले. नलिनीने त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणायला लावले.

पण बंद दाराआड चुकले म्हणणे सोपे असते. सोपे म्हणतात ते याला!

बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळाच्या दुपारी सेन पतिपत्नी पुन्हा येणार होती. मिसेस सेन यांनी निरोप धाडला होता की तेच सॉसेज हवेत. दत्तात्रयने या वेळी कोळसे पेटवले, निखारे बदलले, त्याच्याही डोळ्यात राख गेली. शेवटचा घाणा राहिला तेव्हा तो अजिजीने म्हणाला, "नलिनी, एवढं ऐक. तो मोदक तेवढा नको. पुन्हा सगळे हसतील."

नलिनीने पीठ राखूनच ठेवले होते. या वेळचा मोदक लिंबाएवढा नव्हता, चांगला पेरूएवढा होता. तो तिने ताटाच्या बरोबर मध्यावर ठेवला, सॉसेज भोवती लावले आणि ताट दत्तात्रयच्या हातात दिले. "तुम्हीच न्या," ती म्हणाली.

पडद्याआडून मी ऐकत होते. मिसेस सेन यांनी विचारले, "आज कौन सी दुकान से?" दत्तात्रयने घसा खाकरला, आणि मग तो म्हणाला, "दुकान नहीं. नलिनी ने बनाया है. पिछली बार भी उसी ने बनाया था. मैंने झूठ बोला था."

नलिनी माझ्याजवळ उभी होती. तिने मला उचलून गालाला लावले, पिठासकट.

मित्रांनो, आता मी म्हातारे झाले आहे. घरात नवे हलके लाटणे आले आहे आणि मला सणावारीच बाहेर काढतात. राव हा शब्द मी दत्तात्रयला अजून परत दिलेला नाही, विचार चालू आहे. तुम्हाला मला तेल लावून जपायला सांगावे म्हणून मी हे बोलले नाही. लाकूड तुटते, त्याचे काही नाही. पण पानात जे पडते ते कोणाच्या हातचे आहे ते विचारा, आणि समजले की चारचौघांत मोठ्याने सांगा. ज्या कामाला तुम्ही कधी हात लावलेला नाही त्याला सोपे म्हणू नका. मी ऐकत असते.

नलिनी अजून करते, चिरोटे, शंकरपाळे, सॉसेजसुद्धा. काहीही केले तरी त्या ताटात एक मोदक असतो. आता तो चुकून पडलेला नसतो.