चार बोटं

लेकीनं कुदळ बाजूला टाकली आणि खड्ड्यात हात घातला. खड्डा तिच्या पट्ट्यातला नव्हता, बाबांच्या शेतातला होता. बांधापाशी ट्रॉलीत दोन अवजारं उभी होती. एक गोल तव्यांचं, दुसरं रुंद पात्याच्या फणांचं. दोन्ही माती पालथी न घालता वरवर मोकळी करणारी. यांतलं एक ठेवायचं की दोन्ही परत न्यायची, एवढंच विक्रेत्याला दुपारच्या आत कळायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं बाबांशी पैज लावली होती. एका पट्ट्यात नांगर घालायचा नाही, तिसऱ्या वर्षी त्यातली माती सरस निघाली नाही तर तिनं पुन्हा हा विषय काढायचा नाही, निघाली तर सगळ्या शेतासाठी तसं अवजार घ्यायचं. बाबा चाळीस वर्षं वीतभर खोल नांगरत आलेले. त्याहून कमी खोलीला ते नांगरणी म्हणायलाच तयार नसत. तिनं मागून आणलेला जुना कुळव फिरवला, तेव्हा बाबा पट्टा बघून म्हणाले होते, "शेतात मांजर सोडलं होतंस का?"

पहिल्या वर्षी तिचा पट्टा उजवा ठरला. पुढची दोन वर्षं मात्र दोन्हीकडे पाणी सारखंच मुरलं, पीकही सारखंच आलं. बाबांनी चिडवणंही सोडून दिलं, आणि तेच तिला जास्त लागलं. आज शेवटचं म्हणून ती दोन्हीकडची माती उकरून बघत होती. पैज हरल्यातच जमा होती.

तिचा हात मधेच थांबला. गेल्या हंगामाची धाटं चार बोटांवरच लागली. नांगरानं ती वीतभर खाली गाडायला हवी होती. त्याखालची माती तर हललेलीच नव्हती, गांडुळांची भोकं सरळ खाली गेलेली. दहा पावलांवर तिनं पुन्हा खणलं. तिथंही चार बोटं.

"बाबा, जरा इकडे या."

बाबा आले, पण खड्ड्यात न बघता ट्रॅक्टरकडे बघत उभे राहिले.

"हे शेत तुम्हीच नांगरलंत ना?"

"मग दुसरं कोण नांगरणार?"

"धाटं चार बोटांवर आहेत."

बाबांचा हात आपसूक कंबरेवर गेला.

"खाली दगड आहेत. एकेका दगडाला हिसका बसतो. डॉक्टर म्हणाला, ट्रॅक्टर सोडा. मी नांगर जरा वर घेतला."

"जरा?"

"दोन वर्षं झाली."

तिला आधी रागच आला. दोन वर्षं ती आपली उथळ मशागत बाबांच्या उथळ मशागतीशी ताडून बघत होती, आणि आपलंच चुकलं म्हणून झुरत होती. मग छातीवरचा धोंडा उतरावा तसं तिला हलकं वाटलं. ती खड्ड्याच्या काठावरच बसली आणि हसायला लागली.

"सांगायचं तरी."

"कुठल्या तोंडानं सांगू? जन्मभर वीत वीत करत आलो." बाबांनी घसा खाकरला. "पहिल्या वर्षीच तू जिंकली होतीस. मला कळलं होतं ते."

विक्रेता जवळ आला. "ताई, ठरलं का काही?"

"फणांचं," ती म्हणाली. "ट्रॅक्टर बाबाच चालवतील. कंबरेला झेपेल ना?"

"चार बोटांवर दगडच लागत नाहीत," बाबा म्हणाले. इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू आता त्यांच्या मिशीत मावेना.

अवजार ट्रॅक्टरला जोडून झालं. बाबांनी खाली वाकून सवयीनं फणापाशी वीत ताणली, लेकीकडे एकदा बघितलं, आणि अंगठा आत घेऊन उरलेली चार बोटं फणाला आडवी लावली.

"काका, निवड ताईंचीच म्हणायची ना?" विक्रेत्यानं विचारलं.

"यंत्र तिनं निवडलं," बाबा खोलीचं चाक फिरवत म्हणाले. "खोली माझी आहे."