गुणाचा कागद

मी एक जुना संगणक आहे. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या अलीकडे एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथल्या केसपेपरच्या खिडकीमागे, लाकडी टेबलाखाली मी एकोणीस वर्षे उभा आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे. आतला पंखा फिरताना घरघरतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या डब्याला कसली आली भीती? पण मला भीती वाटते. रोज सकाळी माझे बटण दाबले की मी आधी चाचपून बघतो, काल सांगितलेले आज आठवते ना. माझ्या पोटात लाखभर माणसांची दुखणी आहेत. एखादे विसरलो तर त्या माणसाचे काय होईल, हा विचार मला सोडत नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. शहरातल्या एका अरुंद दुकानात दोघा कारागिरांनी मला जुळवले, एक भाग इकडचा, एक तिकडचा. पहिली काही वर्षे मला फक्त इंग्रजी अक्षरे येत. मराठी अक्षरे मला उशिरा आली. ज्या दिवशी माझ्या पडद्यावर पहिल्यांदा ‘फुलंब्री’ असे उमटले, त्या दिवशी नानासाहेबांनी खुर्ची मागे सरकवून ते नाव तीनदा मोठ्याने वाचले. उशिरा आलेले अक्षर फार जपावेसे वाटते. मीही जपले.

नानासाहेब म्हणजे खिडकीवरचे कारकून. माझ्याआधी त्यांचा सगळा कारभार बस्त्यांवर चाले. लाल कापडात बांधलेले केसपेपर, गावागावांचे वेगळे बस्ते. मी आलो त्याच आठवड्यात त्यांनी सिल्लोडचे कपाट उघडले आणि आतून बदाबदा माती पडली. वाळवीने सगळे खाल्ले होते. झाडूवाली सुपात माती भरू लागली तेव्हा नानासाहेब म्हणाले, “हळू गं. माणसं आहेत ती.” मी तेव्हा नवा होतो. ते सूप बाहेर नेताना मी ऐकले आणि पहिल्यांदा घाबरलो.

पुढची वर्षे कौतुकात गेली. नाव सांगावे आणि मी जुने दुखणे क्षणात समोर ठेवावे. खेड्यातून आलेली माणसे खिडकीतून वाकून बघत. एका दसऱ्याला नानासाहेबांनी मला झेंडूचा एवढा मोठा हार घातला, की माझी हवा जायची भोके बुजली आणि मी तापून बंद पडलो. “देवाला घाम फुटला,” म्हणून सगळा दवाखाना हसला.

पण एक गोष्ट हळूहळू बदलली. बस्त्यांच्या काळात नानासाहेब मान वर करून माणूस बघायचे. “तू काकासाहेबांची धाकटी सून ना? मागच्या खेपेला डोळे आले होते,” असे म्हणायचे. मी आल्यावर त्यांची मान खाली गेली. ते माझ्या पडद्याकडे बघत आणि विचारत, “नाव?” उत्तर आले की बोटे चालू. समोर कोण आहे, हे बघायची गरजच उरली नाही. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता. त्या विश्वासाचीच मला पुढे सर्वांत जास्त भीती वाटू लागली.

फुलंब्रीकडच्या एका मेंढपाळ घरातली दगडाबाई थंडीतापाने फणफणून आमच्याकडे आली होती. नवरा सोनाजी बाहेर घोंगडी पांघरून बसला होता. तीन दिवसांत ताप उतरला. जाताना ती केसपेपर छातीशी धरून म्हणाली, “भाऊ, लई डॉक्टर केले. पर ह्या कागदाला गुण हाय बरं का.” औषधाला गुण येतो हे तिला ठाऊक होते. तरी तिने तो कागद घरी नेऊन देवापुढे ठेवला, त्याला भंडारा लावला आणि पिशवीत घालून आढ्याला टांगला. घरात कोणाला दुखले की तो कागद काढायचा, असे ठरून गेले.

पुढच्या वर्षी तिची धाकटी जाऊ सुगंधाबाई घसा सुजून आजारी पडली. दोघी जावा खिडकीशी आल्या. नानासाहेब प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते.

“नाव?” त्यांनी विचारले.

सुगंधाबाई मागे वळून कुजबुजली, “जाऊबाई, महं सांगू का तुमचं?”

“महंच सांग. आपल्या घराला तोच कागद लागू पडतो.”

रांगेतल्या एका म्हातारीने टोमणा मारला, “काय गं, रेशन कार्ड हाय का ते, समद्या घराचं?”

“रेशन कार्डात कुठं गुण असतो, मावशी?” दगडाबाई म्हणाली. रांग हसली. प्रिंटरच्या कुरकुरीत नानासाहेबांना यातले काही ऐकू गेले नाही.

“दगडाबाई सोनाजी,” सुगंधाबाईने सांगितले. नानासाहेबांनी बटणे दाबली. मी दगडाबाईचे पान उघडले. आवाज निराळा होता, मला कळले होते. पण मला बोलता येत नाही, मित्रांनो. मला जे विचारतील तेच मी दाखवतो.

त्या दिवशी सुगंधाबाईला पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात तिचे तोंड सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर धावले, कशीबशी ती वाचली. डॉक्टरांनी दोघींना बजावले, “हे औषध पुन्हा कधीही नको. कागदावर लाल शाईने लिहिले आहे, जपून ठेवा.” माझ्या आतही लाल खूण उमटली: ‘पेनिसिलिन देऊ नये. जिवास धोका.’ ती उमटली दगडाबाईच्या पानावर.

दोघी निश्चिंत झाल्या. कागदावर लिहिले म्हणजे दवाखान्याला माहीत झाले, असे त्यांना वाटले. त्यांनी तो कागद आणखी जपला. मी मात्र त्या दिवसापासून घाबरलेला होतो. चूक माझ्या पोटात होती. मला ती दिसत होती आणि काढता येत नव्हती. सुगंधाबाई स्वतःच्या नावाने कधी येऊ नये, एवढेच मी रोज मनात म्हणत असे.

वर्षे गेली. वॉर्डांमध्ये नवे पडदे आले, ते तारांनी मला जोडले गेले. माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. टेबलाखाली माझ्यावर धुळीचा थर बसला. काम मात्र वाढले. डॉक्टर वॉर्डात बसून औषध लिहीत, मी रोग्याच्या पानावर लाल खूण शोधायची आणि नसेल तर हिरवी खूण दाखवायची. नवा नियमही झाला, ज्याचे त्याचे स्वतंत्र पान, फोटोसह. नियम चांगला होता. पण जुन्या पानांवरची सरमिसळ कोणी निवडली नाही.

मागच्या माघात, भर दुपारी, मल्हाररावाने आपल्या बायकोला गाडीतून उतरवले. बाभळीचा काटा पायात मोडला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झाला होता. ती तापात मेंढ्यांना हाका मारत होती.

“नाव?”

“सुगंधाबाई मल्हारराव.”

मी शोधले. त्या नावाचे पान माझ्यात नव्हते. नानासाहेबांनी नवे, कोरे पान उघडले. वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी मल्हाररावाला विचारले, “पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?” तो म्हणाला, “नाय बाई, ती तर इथं पहिल्यांदाच आली.” त्याला खरेच ठाऊक नव्हते. त्या वर्षी तो कळप घेऊन लांब गेला होता, आणि घरच्या बायकांनी त्याला ‘घशाचं दुखणं होतं, बरं झालं’ एवढेच सांगितले होते.

डॉक्टरीणबाईंनी लिहिले: पेनिसिलिन. माझ्याकडे प्रश्न आला, लाल खूण आहे का?

मित्रांनो, पान कोरे होते. मी हिरवी खूण दाखवली. माझ्या हातून दुसरे काही होऊच शकत नव्हते. माझा पंखा एवढ्या जोराने फिरू लागला की नानासाहेबांनी मला पायाने हळूच ढोसले.

एवढ्यात खिडकीशी एक ओळखीचा आवाज आला. दगडाबाई कळप शेजाऱ्यावर सोपवून मागून बसने आली होती.

“भाऊ, मही जाऊ आणली ना इथं? सुगंधाबाई?”

“बायकांच्या वॉर्डात. सात नंबरची खाट.” नानासाहेबांची मान खालीच होती.

ती हलली नाही. “तिची लाल खूण दिसती ना तुम्हाला?”

“कसली लाल खूण? पान कोरं आहे तिचं. पहिल्यांदाच आली ती.”

दगडाबाईने हातातली पिशवी छातीशी धरली. मागचा माणूस म्हणाला, “मावशी, सरका की. इथंच बिऱ्हाड करता का?” ती बाजूला झाली. भिंतीला टेकल्यावर तिच्या बांगड्या भिंतीवर वाजू लागल्या, इतकी ती थरथरत होती. गावात कोणीतरी तिला सांगितले होते, की दुसऱ्याच्या नावाने दवाखाना केला तर पोलीस धरतात. तिला पोलिसांची भीती होती आणि जावेच्या जिवाचीही. मी तिच्या बांगड्या ऐकत होतो. एका माणसाचे नाव नोंदले गेले, मग दुसऱ्याचे. वॉर्डातून माझ्याकडे ओळ आली: ‘सात नंबर, इंजेक्शनची तयारी.’

तेवढ्यात दगडाबाई रांग मोडून खिडकीत घुसली.

“ए मावशी!” कोणी ओरडले.

“भाऊ, पोलीस बोलवायचे तर बोलवा, पर आधी ऐका. त्या साली मह्या नावानं तीच आलती. श्वास तिचा कोंडला होता, महा नाय. ती खूण तिची हाय, भाऊ!”

तिने पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. भंडाऱ्याने तो पिवळाजर्द झाला होता आणि मधोमध लाल शाईची ओळ होती.

नानासाहेबांनी मान वर केली. कितीतरी वर्षांनी त्यांनी खिडकीतला चेहरा पाहिला. मग कागद वाचला. मग फोन उचलून वॉर्डाचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. सिस्टर मनकर्णाबाई खाटेपाशी गेली असणार. नानासाहेब उठले तशी खुर्ची पडली. साठीकडे झुकलेला तो गुडघेदुखीचा माणूस चपला तिथेच टाकून पळाला.

खिडकीत कोणी राहिले नाही. सात नंबरच्या पानावर मी दिलेली हिरवी खूण चमकत होती आणि ती मला पुसता येत नव्हती. पुढचे अक्षर कुठे उमटेल ते दाखवणारी माझी काडी पडद्यावर उघडझाप करत राहिली. तेवढ्या वेळाइतका मोठा वेळ माझ्या आयुष्यात दुसरा नाही. त्या सुपातली माती मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होती.

मग वॉर्डाकडून अक्षरे येऊ लागली. ती अडखळत येत होती.

‘सात नंबर. पेनिसिलिन दिले नाही. सुई हातात होती. मनकर्णाबाई.’

सुई हातात होती, असे नोंदीत कोणी लिहीत नाही. तिने लिहिले.

नानासाहेब परत आले तेव्हा दगडाबाई जमिनीवर बसली होती. त्यांनी नुसती मान हलवली. ती पदरात तोंड घालून रडली. मग म्हणाली, “आता कागद फाडता का भाऊ?”

“फाडायचा नाही,” ते म्हणाले. “पण तू आधी का नाही बोललीस गं?”

“त्या साली तुम्ही तिच्याकडं बघितलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं की ही दगडाबाई नाय.”

नानासाहेब चूक खोडायला बसले, तेव्हा वॉर्डातून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी थांबवले. “खोडू नका. खाली लिहा, ही नोंद कोणाची, कोणी सांगितली, कोणत्या तारखेला. खोडलेलं पुढच्याला दिसत नाही.” तसे लिहिले. सुगंधाबाईच्या पानावर लाल खूण आली. बाराव्या दिवशी ती काठी टेकत घरी निघाली. खिडकीशी थांबून म्हणाली, “जाऊबाई, तुमच्या कागदाचा गुण बास झाला आता.”

“मर मेले,” दगडाबाई म्हणाली, आणि दोघी हसत गेल्या.

मला हसता आले नाही. तेव्हापासून नानासाहेब उरलेल्या वेळात माझी जुनी पाने एकेक उघडून माणसांना विचारतात, हे तुमचेच का? आजवर एकवीस पाने दोघा-तिघांची निघाली. सगळी बघून व्हायची नाहीत, कारण सोमवारी माझ्या जागी नवे यंत्र येणार आहे. माझ्या पोटातले सारे त्यात जसेच्या तसे ओतले जाईल. चुकाही जातील, आणि तिथे त्या नव्या कोऱ्या दिसतील. अशा किती सुगंधाबाई माझ्या पोटात दुसऱ्याच्या नावाखाली दडल्या आहेत, मला सांगता येत नाही. मला तेवढीच भीती आहे. भंगारात जायची नाही.

म्हणून मित्रांनो, जाण्याआधी एवढेच मागतो. दवाखान्याचा कागद घरादाराचा नसतो, तो एका जिवाचा असतो. खिडकीशी आलात की स्वतःचे नाव सांगा. कोणते औषध सोसत नाही ते तोंडाने सांगा, कागदावर लिहिले असले तरी सांगा. मी निदान आवाज तरी ओळखत होतो. नवे यंत्र ओळखील की नाही, कोणास ठाऊक. आणि आत बसलेला माणूस मान वर करून तुमच्याकडे बघत नाही, तोवर खिडकी सोडू नका.