झाकण कुणी उघडलं?

सरुबाईची तक्रार एकच, पोरगा तोंड उघडत नाही. धम्मानंद सकाळी सातला सिकंदराबादच्या ऑफिसला निघायचा, तो "गोळ्या घेतल्या, आई" एवढं पुटपुटून. त्याला साध्या औषधांना दाद न देणारा टीबी झालेला. आता लागण पसरत नाही म्हणून डॉक्टरांनी कामाला जायला मुभा दिली होती, पण गोळ्या सोडल्या तर गाठ थेट मरणाशी!

दवाखान्यानं दिलेली त्याच्या गोळ्यांची डबी मात्र बोलकी. आठ वाजले की लाल दिवा लावून टीं टीं करायची. सरुबाई दोन इयत्ता शिकलेली, पण भारी चौकस. हिच्या पोटात आहे तरी काय? झाकण उघडलं, तर आवाज बंद, दिवा हिरवा! तिला मौज वाटली. मग रोज आठला झाकण उघडायचं, बघायचं, लावून टाकायचं.

धम्मानंदच्या सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातली दीक्षा गौलीगुडा वस्तीतल्या त्यांच्या घरी आली. तिनं गोळ्या मोजल्या, मोबाईल बघितला, पुन्हा मोजल्या.

"मावशी, फोन म्हणतोय रोज औषध घेतलं. इथं तर नऊ दिवसांच्या गोळ्या जास्त!"

"फोनला कोण सांगतं गं?"

"ही डबी. झाकण उघडलं की आमच्याकडं नोंद होते. आठपर्यंत नाही उघडलं तर ती ओरडते, अन् तरी नाही उघडलं, तर मी त्याच दिवशी फोन करते."

"अन् गोळी गिळली का नाही, ते?"

"ते तिला कुठं दिसतं? ते घरच्यांनी बघायचं."

सरुबाईनं स्वतःची बोटं बघितली. अगं बाई! नऊ दिवस दीक्षाचा फोन आला नाही, तो आपल्याच बोटांमुळं!

धम्मानंद खाली बघत म्हणाला, "गोळ्या घेतल्या की तळपायाची आग होते. मळमळतं. ऑफिसात उलटी झाली तर समद्यांना कळंल."

"मग मला सांगायचं, दादा!" दीक्षा कळवळून म्हणाली. "त्रासावर इलाज आहे, डॉक्टर औषध बदलून देतात. मनानं सोडलं तर आजार आणखी मुजोर होतो." तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळीच या, असा निरोप आला.

मंडळी, चूक कबूल करायला सरुबाईची जीभ कधी वळली नव्हती. त्या दिवशी वळली.

"धम्मा, झाकण उघडलं ती माझी चूक. पण दुखणं गिळून गोळ्या ठिवल्या, ती तुझी! मशीन किती बी हुशार असू दे, खरं बोलायचं काम माणसाचंच हाय. आता डबी तू उघडायची, गोळी माझ्यासमोर घ्यायची, त्रास झाला की दीक्षाला सांगायचं. अन् ऑफिसात कुणी विचारलं, तर मान वर करून सांग, टीबी झालाय, चोरी न्हाई केली!"