भाऊसाहेबांची जुनी पत्रे

कर्जत तालुक्यातल्या त्या माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षाचा फैसला शुक्रवारी होणार होता. दर शुक्रवारी संस्थेचा माणूस नगरहून टपाल न्यायला येई. या खेपेला त्या टपालात कक्षातले सगळे संगणक निर्लेखित करण्याचा, म्हणजे दप्तरातून खोडून भंगारात काढण्याचा, प्रस्ताव असावा, असा संस्थेचा निरोप होता. रिकाम्या खोलीत स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे सामान ठेवायचे ठरले होते.

यंत्रे चालू होती. त्यांच्यावरच्या विंडोजच्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे तेवढे थांबले होते, आणि नवी आवृत्ती त्या वयाच्या यंत्रांवर चढत नव्हती. एवढ्यावरून संस्थेने यंत्रे मेली असे ठरवून टाकले. विज्ञान शिकवणाऱ्या धनश्रीला हे पटले नाही. दिलेल्या पुराव्यातून तो निष्कर्ष निघत नव्हता.

“सर, विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकून बघू द्या,” सोमवारी ती मुख्याध्यापकांना म्हणाली. “ते या यंत्रांवर चालतं, आणि दुरुस्त्याही मिळत राहतात. पैसे पडत नाहीत.”

मुख्याध्यापक आदिनाथ सर चष्मा पुसत होते. “म्हणजे फुकट ते पौष्टिक.”

“तसं मी म्हणत नाही. चाललं तर पौष्टिक. नाही चाललं तर भंगारवाल्याला मीच फोन लावते.”

“आणि बाई, दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापाबरोबर उसाला जातात. कक्ष ठेवायचा कुणासाठी?”

“उरतात त्यांच्यासाठी, आणि उन्हाळ्यात परत येतात त्यांच्यासाठी. मोबाईलवर बोट सगळ्यांचं फिरतं, सर. प्रयोगाची आकडेवारी भरून आलेख काढा म्हटलं की अख्खी नववी माझ्या तोंडाकडे बघते.”

सरांनी चष्मा चढवला. “शाळेत दोन तऱ्हा मला नकोत. कार्यालयातलं मशीनही त्याच वयाचं आहे. भाऊसाहेबांनी आपलं काम तुमच्या लिनक्सवर करून दाखवलं, तर मी संस्थेला नकार कळवतो. त्यांना नाही जमलं, तर प्रस्ताव जाईल. शुक्रवारपर्यंत.”

भाऊसाहेब म्हणजे शाळेचे लेखनिक पुंजाराम खेडकर. त्या भागात लेखनिकाला भाऊसाहेब म्हणतात, आणि मुख्याध्यापक कितीही बदलले तरी शाळा कोण चालवतो याविषयी कुणाच्या मनात शंका नसते.

धनश्रीने पेनड्राइव्हवर लिनक्सची मिंट नावाची आवृत्ती उतरवून घेतली होती. मूळ डिस्कला धक्का न लावता सगळी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, हा त्यातला गुण तिला सर्वांत मोलाचा वाटला, कारण प्रयोग फसला तर सगळे जसेच्या तसे राहते. लिनक्सची भक्तिभावाने स्तुती करणाऱ्यांचे तिने इंटरनेटवर बरेच वाचले होते आणि त्यातले बरेचसे बाजूला ठेवले होते. तिने स्वतः तपासले. कार्यालयातला प्रिंटर ओळखला गेला. तिच्या प्रश्नपत्रिका उघडल्या, गुणपत्रके उघडली, बेरजा जुळल्या. मग मंगळवारी ती पुंजारामांना म्हणाली, “भाऊसाहेब, तुमच्या सगळ्या फाइली उघडतील.”

पुंजारामांनी पहिली फाइल उघडली आणि पडद्याकडे बोट केले.

“मॅडम, ही कंची भाषा म्हनायची?”

पडद्यावर कंस, टक्क्याची चिन्हे आणि डोक्यावर ठिपके असलेली परकी अक्षरे ओळीने उभी होती. दुसरी फाइल तशीच. तिसरीही तशीच. सगळ्या पत्रांचा डावा समास मात्र अगदी सरळ होता.

“फाइली उघडल्या खऱ्या,” पुंजाराम म्हणाले. “तुमी तेवढंच म्हनला हुता. वाचता येतील असं काय म्हनला न्हवता.”

टोमणा वर्मी बसला, कारण तो रास्त होता. चूक कुठे झाली ते धनश्रीला लगेच कळले. तिने नमुना म्हणून स्वतःच्याच फाइली घेतल्या होत्या, आणि त्या सगळ्या अलीकडच्या, युनिकोडमधल्या, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसणाऱ्या होत्या. पुंजारामांची पत्रे त्याआधीच्या फॉन्टात होती. त्या फॉन्टात साठवलेली अक्षरे मुळात इंग्रजी. वर फक्त मराठी चेहरा चढवलेला. चेहरा काढला की खालचे उघडे पडते. स्वतःच्या शेतातली मूठभर माती तपासून सगळ्या तालुक्याचा अहवाल द्यावा, तसे तिने केले होते. आठवीच्या पोराने असा निष्कर्ष काढला असता, तर तिने वहीवर लाल रेघ ओढली असती.

“फॉन्ट घाला की ह्याच्यात. लई अवघड हाय का?”

“अवघड नाही. पण तो फॉन्ट ज्या विकतच्या पॅकेजबरोबर आला, त्याचा परवाना त्या पॅकेजपुरताच आहे, आणि ते पॅकेज इथं चालत नाही. चोरून घातला तर जुनी पत्रं दिसतील. नवं पत्र कशात लिहाल?”

“नवं कशाला लिव्हू?” पुंजारामांनी खरोखरच आश्चर्याने विचारले.

त्या प्रश्नाचा अर्थ तिला बुधवारी समजला. जुन्या फॉन्टाचे युनिकोड करून देणारी सोय मिळते. ती वापरून तिने थोडी पत्रे रूपांतरित केली, आणि प्रत्येकात दोनचार जागी अक्षरे विसकटलेली पाहून हात आखडता घेतला. फाइली चारशेच्या वर होत्या. तेवढ्या तपासायला तिला दिवाळीची सुट्टीही पुरली नसती. म्हणून तिने आधी त्यांची वर्गवारी केली. विषय सारखा असलेली पत्रे एकत्र लावता लावता चारशे पत्रांची तेराच पत्रे उरली. बाकी सगळीकडे तारीख, नाव आणि जावक क्रमांक एवढेच बदलले होते.

“व्हय,” पुंजाराम शांतपणे म्हणाले. “ही पत्रं आधीच्या भाऊसाहेबांनी लिव्हल्याली. मानूस लई हुशार. मी जुनं पत्र उघडतो, तारीख बदलतो, नाव बदलतो, दुसऱ्या नावानं ठिवतो. कोरं पान मी कदी उघडलंच न्हाई.”

“इतक्या वर्षांत?”

“कोऱ्या पानात चूक झाली तर ती माजी. जुन्या पत्रातली चूक सगळ्यांची.”

तिने लिनक्सवर कोरे पान उघडले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. “तेरा पत्रं आहेत, भाऊसाहेब. तुम्हाला ती पाठ नसतील तर माझं नाव बदला.”

“पाठ हायेत. पर हात बसंल का?”

हात बसला नाही. पुंजारामांनी ‘उपरोक्त’ टाइप केले आणि पडद्यावर भलतेच काही उमटले. त्यांनी पुन्हा टाइप केले. पुन्हा तेच.

“माजी बोटं बरोबर हायेत,” ते ठामपणे म्हणाले. “श्रीरामपूरला टाइपरायटरवर परीक्षा दिल्याली हाय मी. ह्ये मशीन चुकतंय.”

धनश्रीने त्यांची बोटे पाहिली. ती खरेच चुकत नव्हती. प्रणालीने मराठीसाठी आपण होऊन इन्स्क्रिप्ट नावाची कळरचना धरली होती, आणि पुंजारामांच्या बोटांत टाइपरायटरची रेमिंग्टन रचना मुरलेली होती. तिने मोबाईलचे हॉटस्पॉट लावले, कळरचनांची जास्तीची यादी उतरवून घेतली, आणि ती वरपासून खालपर्यंत वाचली. मराठीच्या नावाखाली रेमिंग्टन निघाले. ते निवडून ती बाजूला झाली.

‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’. पुंजारामांनी ओळ एका दमात काढली. मग थांबले, ओळ वाचली, आणि पुढच्या ओळीला लागले. मधल्या सुट्टीचा चहा गार झाला. दोन अर्धी अक्षरे त्यांच्या सवयीच्या कळीवर सापडेनात. ती दुसरीकडे आहेत हे कळल्यावर त्यांनी प्रणालीला गावरान शिवी दिली, समोर मॅडम आहेत हे आठवून माफी मागितली, आणि त्या दोन कळा घटवून घेतल्या. गुरुवारी शाळा सुटेपर्यंत तेरापैकी अकरा पत्रे नव्याने टाइप झाली होती. त्यातल्या एका पत्रात ‘सन’ हा शब्द लागोपाठ दोनदा आलेला त्यांना दिसला. आधीच्या भाऊसाहेबांची ती चूक त्या पत्राच्या प्रत्येक प्रतीतून बिनबोभाट फिरत आली होती. पुंजारामांनी ती काढून टाकली.

शुक्रवारी सकाळी आदिनाथ सर कार्यालयात आले. संस्थेचा माणूस दहाच्या एसटीने येणार होता. सरांनी छापलेली पत्रे चाळली.

“जमलं म्हणायचं. मग आता संस्थेला कळवा, संगणक काढत नाही म्हणून. नमुना काढा.”

“त्याचा नमुना न्हाई, सर.”

“निर्लेखनाचा आहे ना? बेंच काढले तेव्हाचा?”

“तो काढायचा हाय. न काढायचा न्हाई. संस्थेला आपन ‘न्हाई’ म्हनल्यालं एक बी पत्र दप्तरात न्हाई.”

सर खुर्चीत बसले. ही अडचण संगणकाची नव्हती, आणि धनश्रीने तिचा विचार केला नव्हता. नमुना नसणे म्हणजे प्रथा नसणे, आणि प्रथा नसताना संस्थेपुढे आपले एकट्याचे नाव पाठवायला सर तयार दिसेनात. “पुढच्या शुक्रवारी बघू,” ते म्हणाले. “तोवर तो बेंचांचा नमुनाच घालवा. नंतर काय ते फिरवता येईल.”

“फिरवता येणार नाही, सर,” धनश्री म्हणाली. “प्रस्ताव गेला की भंगारवाला येतो. तुम्ही अट घातली होती. ती पुरी झाली.”

सर काही बोलणार तोच पुंजारामांनी कोरे पान उघडले. “मजकूर सांगा, मॅडम. सुरुवात-शेवट माज्याकडं हाय.”

“फक्त तपासलंय तेवढंच लिहू,” ती म्हणाली. “पत्रव्यवहार, छपाई, गुणपत्रकं. या तीन गोष्टी एका यंत्रावर चालतात. बाकीच्या यंत्रांची तपासणी सुरू आहे. जुन्या फाइली रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत, हेही घाला.”

“इतकं खरं लिव्हलं तर संस्था दचकंल.”

“दचकू दे. खोटं लिहिलं तर पुढच्या वर्षी आपण दचकू.”

पुंजारामांनी टाइप करायला सुरुवात केली. प्रत्येक ओळ ते तोंडाने पुटपुटत, मग हाताने घेत. धनश्री ‘चालतात’ म्हणाली की ते ‘कार्यक्षम असल्याचे निदर्शनास आले आहे’ लिहीत, आणि ती हरकत घेत नव्हती, कारण अर्थ तोच राहत होता. ‘सबब सदर संगणक निर्लेखित करण्याची आवश्यकता दिसून येत नाही’ या वाक्यापाशी ते थांबले. त्यांनी ‘दिसून येत नाही’ खोडून ‘नाही’ एवढेच ठेवले.

प्रिंटरमधून पान आले. सरांनी ते वाचले, पुन्हा वाचले, आणि पुंजारामांकडे पाहिले. “भाऊसाहेब, चालेल म्हणता हे?”

“मी नुसतं म्हनत न्हाई, सर. टाइप मीच केलंय. आद्याक्षरी बी करतो.” त्यांनी सरांच्या सहीच्या जागेच्या डावीकडे, खाली, बारीक अक्षरांत आपली आद्याक्षरे केली. आजवर एकाही पत्रावर त्यांनी ती केली नव्हती.

सरांनी सही केली. शिक्का पुंजारामांनी मारला, जावक क्रमांक घातला, आणि संस्थेच्या माणसाने बाकीच्या टपालाबरोबर ते पत्र न वाचता पिशवीत टाकले.

“उत्तर काय यायचं ते येईल,” सर एसटीच्या दिशेने बघत म्हणाले. “तोवर मंडपाचे बांबू व्हरांड्यातच राहू देत.”

धनश्रीने कक्षाचे कुलूप काढले. पहिल्या रांगेतल्या पहिल्या यंत्रावरच्या फाइली तिने आधी वेगळ्या डिस्कवर उतरवल्या, त्या उघडून, आणि या वेळी वाचूनही, पाहिल्या. मग लिनक्स कायमचे बसवण्याची खूण निवडली. डिस्कवरचे सगळे पुसले जाईल, पुढे जायचे का, असे यंत्राने विचारले. दारात पुंजाराम उरलेल्या दोन पत्रांचे कच्चे कागद घेऊन उभे होते.

“पुढं जावा,” ते म्हणाले.