दोरा दुकानाचा

“हार परत आलाय, काका.”

स्वारगेटच्या फलाटावर संतोषनं पत्र्याचा डबा पुढं केला, पण ज्ञानदेवचे हात काही उठेनात. संतोष वाईच्या गाडीवर ड्रायव्हर. दर शुक्रवारी दुपारच्या गाडीनं हा डबा फुलं घेऊन वाईला जायचा, ज्ञानदेवची थोरली बहीण, आक्का, तो स्टँडवर उतरवून घ्यायची आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी संतोषच्या हाती परत द्यायची. संतोषच्या आधीही त्या गाडीवर कितीतरी ड्रायव्हर होऊन गेले. डबा मात्र फुलांसकट कधी परत आला नव्हता.

“परत म्हणजे?”

“म्हंजे परत. तुम्ही दिला तसाच हाय. म्हनल्या, ज्ञानूला सांग, फोटोची सोय लई झाली. आता पुरं.”

“आणि?”

“आणि काय न्हाई. गेल्या निघून.”

ज्ञानदेवनं झाकण उघडलं. केळीचं पान काळं पडलं होतं आणि आत गेल्या शुक्रवारचा शेवंतीचा हार वाळून कडकडीत झाला होता. पान उलगडलंसुद्धा नव्हतं. आजचा ताजा हार त्याच्या दुसऱ्या हातात होता, त्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

“हा तुझ्या गाडीला घाल,” तो संतोषला म्हणाला आणि डबा काखोटीला मारून चालायला लागला.

बुधवार पेठेतल्या एका फुलांच्या दुकानात ज्ञानदेव हार करायला बसला, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता त्रेसष्ट पूर्ण झाली. एवढ्या वर्षांत मालकाचा मुलगा मालक झाला, दुकानाची फळी बदलली, समोरचा रस्ता चारदा खणला गेला. ज्ञानदेवची मांडी त्याच जागी. पाठ जाते, डोळे चुरचुरतात, पाय मुंग्या येऊन बधिर होतात. पण उठून जायचं कुठं? दुसरं येतं काय त्याला?

गजरा बांधायला त्याला चंद्रभागाआक्कानं शिकवलं. आई लवकर गेली. आक्का सहा वर्षांनी मोठी, तीच आई झाली. आपल्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती त्याला समोर बसवायची आणि गाठ सुटली की त्याच पायानं ढोसायची. तिचं लग्न झालं आणि ती वाईला गेली. लोक सुट्टीत नदी, घाट, देवळं बघायला जातात, फोटो काढतात, ‘काय सुंदर गाव’ म्हणतात, त्या वाईला. आक्काला घेऊन गेलेलं ते गाव ज्ञानूला एका घासात गिळून टाकावंसं वाटलं होतं. पहिल्याच शुक्रवारी त्यानं मोगऱ्याचा गजरा करून डब्यात घालून पाठवला आणि थट्टेनं चिठ्ठी लिहिली: ‘फुलं तुझी, दोरा दुकानाचा. परत पाठव.’ म्हातारा मालक रीळ न् रीळ मोजणारा, त्याच्यावरनं ती थट्टा.

पुढच्या शुक्रवारी डब्यात दोरा आला! धुऊन, वाळवून, बोटांवर आठाच्या आकड्यात गुंडाळलेला. सोबत हळदीची पुडी आणि ‘मालकाला नमस्कार सांग.’ तेव्हापासून दोरा येतच राहिला. आक्काला तीन मुलं झाली, नातवंडं झाली, म्हातारा मालक वारला, तरी दर आठवड्याला दोरा परत. कधी त्यात एखादा काळा केस गुंडाळला जाऊन यायचा. ललिता, ज्ञानदेवची बायको, हसून म्हणायची, “नणंदबाईंनी पावती पाठवलीय.”

गेल्या वर्षी चैत्रात दाजी गेले. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी ज्ञानदेव दोरा हातात घेऊन बसला आणि बसूनच राहिला. नवरा गेलेल्या बाईला गजरा कसा पाठवायचा? शेवटी त्यानं सुई उचलली आणि दाजींच्या फोटोसाठी हार ओवला. गजरा बोटांनी बांधायचा असतो, हार सुईनं ओवायचा. त्या दिवसापासून आक्कासाठी त्यानं बोटं लावली नाहीत. एकही शुक्रवार चुकवला नाही, आणि त्याचा त्याला अभिमान होता. डबा परत यायचा, पण हाराचा दोरा कधी आला नाही. फोनवर आक्का ‘हं, हं’ करायची. त्याला वाटायचं, दुःख आहे, दुसरं काय.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं डबा ओट्यावर आपटला.

“माझं चुकलं कुठं, ते सांग. दाजींचा फोटो एक आठवडा हाराविना ठेवला नाही मी. कुठला मेव्हणा करतो एवढं?”

“कोणीच नाही,” ललिता मेथी निवडता निवडता म्हणाली. “दाजी अगदी खूश असतील.”

“टोमणे मारू नकोस. आधीच डोकं उठलंय.”

“मग सरळ सांगते. अहो, डबा कुणाच्या नावानं जायचा इतकी वर्षं? आक्कांच्या. दाजी गेले आणि तुम्ही त्यावरचं नावच बदललंत. त्या बाईचा तेरा दिवसांत नवराही गेला आणि भाऊही.”

“अगं, पण गजरा पाठवू? तिला? गल्लीतल्या बायका काय म्हणतील?”

“केस गल्लीचे आहेत का?”

ज्ञानदेवनं ओट्यावरचा डबा सरळ करून ठेवला. मेथीच्या काड्यांचा ढीग वाढत गेला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “तू फोन करून विचार ना.”

“मी नाही बाई विचारायची. विचारलं की त्या नकोच म्हणणार. हार पाठवताना विचारलं होतंत का?”

तो आठवडा त्याला जड गेला. पाठवला आणि तोही परत आला, तर? चार माणसांत आक्काचा अपमान झाला, तर? आई गेली तेव्हा त्याला ती होती. आता ती गेली तर, जिवंत असून गेली तर, त्याला ‘ज्ञानू’ म्हणणारं कोणी उरत नव्हतं. हार ओवताना सुई दोनदा बोटात गेली. अशी ती लग्नसराईच्या ऐन गर्दीतही कधी जात नसे.

शुक्रवारी पहाटेच तो मार्केट यार्डात गेला आणि मोगऱ्याच्या ढिगापुढं उकिडवा बसून एकेक कळी निवडायला लागला. उघडलेली नको, कोवळीही नको. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत मिटून राहील आणि वाईत उतरल्यावर उमलेल, अशी कळी पाहिजे.

दुकानात त्यानं सुई बाजूला ठेवली आणि दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं. सांधे सुजल्यापासून गजऱ्याचं काम दुकानातले दुसरे लोक करत. दोन कळ्या इकडं, दोन तिकडं, मध्ये मरव्याची काडी, वळसा, गाठ. तिसरीच गाठ सुटली. चौथी सुटली. पुन्हा पहिल्यापासून.

“अहो, गुलाबाचा हार मिळेल का?” पुढ्यात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

“मिळेल. अर्ध्या तासानं.”

“छे, तेवढा वेळ नाही माझ्याकडे.”

“मग देवाला सांगा तसं.”

मालक गल्ल्यावरून डोळे वटारून बघत होता. बघू दे. ज्ञानदेवची बोटं पेटली होती, पण गाठी आता बसत होत्या. वीतभर झाला. आक्काला हातभर लागायचा. दाट केसांचा तिचा अंबाडा, वीतभरानं काय होणार? पण बोटं तिथंच अडली. त्यानं गजरा केळीच्या पानात गुंडाळला, ओलं फडकं लावलं आणि डबा बंद केला. चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार, कपाळ?

“आज काय हाय?” संतोषनं विचारलं.

“फुलं आहेत. कोणासाठी म्हणून विचारलं तर सांग, आक्कासाठी.”

पुढचे सात दिवस त्यानं फोनकडं बघितलं नाही आणि वाईहून फोन आलाही नाही. ललितानंही विषय काढला नाही. दुसऱ्या गजऱ्यासाठी मात्र तो पुन्हा पहाटे उठला, पुन्हा कळ्या निवडल्या. आशा म्हणावी तर तशी नव्हती. हात आपले बांधत गेले.

संतोषची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. तो खाली उतरला, सीटमागून डबा काढला आणि पुढं केला.

“काय म्हणाली?”

“काय न्हाई. मागल्या बारीला न उघडताच पदराखाली धरून गेल्या. आज सकाळी हा दिला, गाडी सुटस्तोवर उभ्या होत्या.”

डबा हलका होता. ज्ञानदेव फलाटाच्या बाकावर बसला. झाकण घट्ट बसलं होतं, सुजलेल्या बोटांना ते निघेना. शेवटी त्यानं ते दातांनी उचकटलं.

आत हळद नव्हती, चिठ्ठी नव्हती. तळाशी आठाच्या आकड्यात गुंडाळलेला दोरा होता.

त्यानं तो उचलून उन्हात धरला. दोऱ्याबरोबर एक केस गुंडाळला गेला होता. लांब, आणि पांढराशुभ्र. शेवटचा दोरा आला होता तेव्हा केस काळा होता. आक्का वर्षभरात म्हातारी झाली होती आणि हा तिच्या भिंतीवरच्या फोटोला हार पाठवत बसला होता. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

“काका, आजचं द्या की,” संतोषनं गाडीतून हाक मारली. “सोडतोय गाडी.”

ज्ञानदेवनं पिशवीतला गजरा डब्यात ठेवला, झाकण दाबलं आणि डबा वर दिला. गाडी फलाटावरून वळेपर्यंत तो उभा राहिला. मग दोरा, त्यातल्या केसासकट, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून तो दुकानाकडं निघाला.