तीन ठोकळे, आठ काचा

प्रयोगशाळेच्या खिडकीतून बुरुलने डबी पुढे सरकवली, पण हात लगेच सोडला नाही.

"उघडून बघा, बाइके. नंतर म्हणाल, दिलंच नाही." वयाने मोठ्या पुरुषाला इथे सगळे बाइके, म्हणजे दादा, म्हणतात.

एसेनबेकने झाकण उघडलं. आत मेणाचे तीन लहान ठोकळे होते, प्रत्येक प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत बसवलेला. शेजारी आठ काचपट्ट्या, त्यांवर गुलाबी-जांभळे डाग. बायकोच्या, सायराच्या यकृतातून सुईने काढलेलं जे काही होतं ते एवढंच. कोणतं औषध तिला लागू पडेल, हे या मेणातल्या शेवईएवढ्या मांसाला विचारायचं होतं. इथे ती तपासणी होत नव्हती. सीमेपलीकडे अल्माटीला होत होती, आणि तिथवर ठोकळे पोचवायचं काम रोग्याच्या घरच्यांचं. सही करायची, डबी उचलायची, निघायचं.

"इथे थोडं काही मागे ठेवलंय ना?"

"काही नाही. अर्धं ठेवलं तर तिकडे पुरत नाही, मग ते लोक आमच्या नावाने बोंब मारतात. आणि हे बघा, उन्हात ठेवू नका. मेण आहे."

सुई घातल्यावर दोन दिवस सायराचं रक्त थांबलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "हे एकदाच. पुन्हा सुई घालायला मी धजणार नाही." एसेनबेकने डबी काळ्या चामडी बॅगेत ठेवली. ती बॅग सायराने मुद्दाम काढून दिली होती. माझं आतडं-काळीज प्लास्टिकच्या पिशवीतून नेऊ नका, लोक हसतील, असं म्हणाली होती आणि स्वतःच हसली होती.

अल्माटीला तपासणी करणाऱ्या प्रोफेसरबाईंकडे रिकाम्या हाताने जाणं शक्यच नव्हतं. बिश्केकमध्ये कोणी तसं कुणाच्या उंबऱ्यावर जात नाही. म्हणून त्याने गाडी बाजाराकडे वळवली. जर्दाळूची एक पेटी घ्यायची, दहा मिनिटांत निघायचं. वाहनतळावर ऊन रणरणत होतं. सावली एकाच कोपऱ्यात होती, तिथे एका करड्या गाडीत दोघं जण सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. मेणाचा विचार करून त्याने गाडी त्यांच्या शेजारीच लावली. बॅग बरोबर घ्यावी की नाही, यावर तो क्षणभर अडखळला. बाजारात खांद्याला खांदा लागत होता, काचा टिकल्या नसत्या. गाडीच बरी. त्याने बॅग मागच्या आसनावर ठेवून वर आपलं जाकीट टाकलं.

एकोणीस वर्षं एसेनबेक लोकांच्या गाड्यांना चोरीचे गजर बसवत होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो तेच सांगायचा: बटण दाबलंत, गाडी 'पीं' वाजली, तरी हँडल ओढून बघा. कान फसतो, हात फसत नाही. कुणी कारण विचारलं की तो लग्नाचं उदाहरण द्यायचा. मांडवात भोंगा लावलाय आणि तुम्ही कोपऱ्यातल्या आजोबांना हळूच म्हणताय, दार लावा. ऐकू येईल का त्यांना? चोराच्या खिशातलं यंत्र म्हणजे तो भोंगा. तुमच्या चावीच्या लहरीवरच गोंगाट करतं, गाडीला तुमचा आवाज पोचतच नाही. दार उघडंच राहतं.

त्याने दार लावलं, तेवढ्यात समोरून हाक आली.

"अरे, हा तर आमच्या गावचा एसेन! म्हातारा झालास की रे!"

मुकाश अता. गावातले सगळ्यांत वडीलधारे, काठी टेकत, डोक्यावर पांढरी टोपी.

"तुम्ही मात्र तसेच आहात, अता."

"खोटारडा. कुठे निघालास? सायरा कशी आहे?"

एसेनबेकने दोन वाक्यांत सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याने काठी काखेत धरली, दोन्ही तळवे उघडून पुढे केले. बाता द्यायला, म्हणजे आशीर्वाद. समोरच्यानेही तळवे पसरून, वडीलधाऱ्यांकडे तोंड करून उभं राहायचं असतं. मधेच पाठ फिरवणं म्हणजे आशीर्वाद परत करणं. एसेनबेकने हात पसरले. चावी तळव्यातच होती, अंगठ्याने त्याने बटण दाबलं. मागून ओळखीचं 'पीं' ऐकू आलं.

"वाटसरूंचा राखणदार खिदिर वाटेत सोबतीला असो. ज्या कामाला जातोस ते होवो. तुझ्या घरचं माणूस तुझ्या घरात राहो. ओमीन."

"ओमीन." दोघांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग अतांनी त्याचं मनगट धरलं आणि जर्दाळू कुठे चांगले मिळतात ते दाखवायला त्याला तसंच आत नेलं.

पंधरा मिनिटांनी पेटी घेऊन तो परतला, तेव्हा करडी गाडी नव्हती. त्याच्या गाडीची काच शाबूत होती, कुलूप शाबूत होतं. जाकीट नीट घडी करून ठेवलं होतं. बॅग नव्हती.

त्याला शोधावं लागलं नाही, समजायलाही वेळ लागला नाही. ते 'पीं' दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं होतं. अर्ध्या शहराच्या गाड्यांना तोच स्वस्त गजर, तोच आवाज. त्यातले कितीतरी त्यानेच बसवलेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाजाराच्या पोलीस चौकीतला लेफ्टनंट पंचविशीचा होता.

"काच फुटली?"

"नाही."

"कुलूप?"

"नाही. लहर दाबली त्यांनी. यंत्र असतं तसं—"

"थांबा, थांबा. तुम्ही ते गजरवाले ना? माझ्या भावाला तुम्हीच बसवून दिलाय!" तो खुर्चीत मागे रेलून हसला, मग एसेनबेकचं तोंड बघून सरळ झाला. "बरं. वस्तू काय होती?"

"माझ्या बायकोच्या तपासणीचे नमुने. काच आणि मेण."

"किंमत?"

"किंमत नाही."

"बाइके, किंमत नसलेली वस्तू चोरीला गेली असं मी कागदावर कसं लिहू? बॅगेची तरी सांगा."

त्याने बॅगेची सांगितली.

बाहेर वाहनतळ झाडणारी राया होती, साठीची रशियन बाई. तिने सगळं ऐकलं आणि झाडू भिंतीला टेकवला.

"कॉम्प्युटर वाटला असेल रे त्यांना. चोर ओझं वाहत नाही. नको ते पहिल्या वळणावर फेकतो. चल."

पहिल्या वळणावर काही नव्हतं. दुसऱ्या वळणावर रस्त्याकडेच्या पाटालगत काचा चमकत होत्या. आठही पट्ट्या कुठल्याशा चाकाखाली भरडल्या होत्या, डबीचं झाकण शेजारी. ठोकळे नव्हते. पाटात डोंगराकडून आलेलं पाणी जोरात वाहत होतं.

मेण पाण्यापेक्षा हलकं. प्लास्टिक जड, पण थोडंसंच. तरंगलं नाही तरी या ओढीने पुढे सरकणार. असा हिशोब करत तो पाटाच्या कडेने जवळजवळ पळत सुटला. तीन चौकांपुढे पाट जमिनीखाली जात होता, तोंडाशी लोखंडी जाळी. तिथे बाटल्या, पालापाचोळा, कलिंगडाच्या साली अडकल्या होत्या. एसेनबेक रस्त्यावर पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. जाणारे-येणारे बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "पाकीट पडलं काय?" राया म्हणाली, "तू चालू लाग."

अर्ध्या तासाने बोटांना जाळीदार चौकट लागली. एक ठोकळा. त्यावरचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता.

प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत तो पोचला. कपड्यांवरून पाणी गळत होतं. बुरुलने ठोकळा खिडकीपाशी उजेडात धरला, तिरका केला, भिंगाखाली पाहिला. मग तो हळूच काउंटरवर ठेवला.

"हा पहिला, बाइके. तुमच्या आठही काचा याच्यातूनच कापल्या. यातलं मांस संपलंय. नुसतं मेण आहे."

"मग दिलात कशाला?"

"नियम आहे, सगळे द्यायचे."

"आणि बाकीचे दोन?"

"त्यांत होतं." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "भरपूर होतं."

तो घरी आला तेव्हा सायरा स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती.

"एवढ्यात? सीमा बंद आहे का?"

तो स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, सावलीपासून जाळीपर्यंत. काही गाळलं नाही. चहा ओतून तिने पेला त्याच्यापुढे ठेवला, अर्धाच भरलेला, जसा माणूस अजून बसावा म्हणून देतात.

"मी डॉक्टरांना भेटतो उद्या," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूने सुई घालता येत असेल—"

"नको."

"सायरा, ऐक तरी."

"ऐकलं. तेव्हा ते दोन दिवस तुम्ही बाहेर बाकावर होतात. आत मी होते."

त्याला वाटत होतं, तिने काहीतरी बोलावं, ओरडावं, निदान विचारावं की हँडल का नाही ओढलंत. एकोणीस वर्षं तीही तेच वाक्य ऐकत आली होती.

"मुकाश अतांचा पाय कसा आहे?" तिने विचारलं.

"काठी घेऊन चालतात."

"मधेच वळला असतात तर त्यांच्या मनाला लागलं असतं."

"हो."

"मग झालं तर." ती टेबलाला धरून उठली, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

फोन वाजला. अल्माटीहून प्रोफेसरबाईंची मदतनीस होती, घाईत. यंत्रावर उद्या सकाळची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.

"कुठवर आलात? सीमा ओलांडली का?"

"आम्ही येत नाही आहोत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पुढच्या आठवड्याला लावू?"

एसेनबेकने आतल्या खोलीकडे पाहिलं. चादरीखाली खांदा वर-खाली होत होता. झोपेत होत असतो तेवढाच, किंवा जागं माणूस मुद्दाम तेवढाच होऊ देतं.

"नाही."

"मग ही जागा दुसऱ्या कुणाला देऊ का? बरेच जण थांबलेत."

"द्या," तो म्हणाला.