धाग्याची माती

झेलिहाच्या हाताला माती कळते, असं गाव म्हणायचं. आणि खरंच कळायची! ओढ्याकाठची पिवळी द्राक्षाचा रस निवळायला, टेकडीमागची तांबडी चुलीला, आणि चिनारांखालच्या खड्ड्यातली पांढरी भिंतीला. त्या पांढरीतही ती निवड करी. चिमूटभर ओली करून दोन बोटांत ओढायची. बारीक धागा निघाला तरच घरी आणायची. धाग्याच्या मातीची भिंत तडकत नाही, हे तिला सासूने शिकवलेलं. तीच माती चाळून, कोमट करून तान्ह्याच्या खाली पसरायची, म्हणजे मूल कोरडं राहतं. आज सकाळीच शेजारच्या हाजेरच्या नातवासाठी तिने चाळणभर दिली होती.

तिची लेक नुरहान बाळंतपणाचे चाळीस दिवस उरकून बाळाला घेऊन अंकाऱ्याहून येणार होती. म्हणून झेलिहाने खोली सारवून दुधासारखी पांढरी केली होती.

नुरहान आली खरी, पण उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत ये की! पाहुणी आहेस का?"

"आई, भिंत कशाने सारवलीस?"

"मातीने. अंकाऱ्यात सोन्याने सारवतात वाटतं?"

नुरहान हसली नाही. ती दगडमाती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. गेल्या हिवाळ्यात भाऊ वारला तेव्हा आली, ती खड्ड्यातली मूठभर पांढरी सोबत घेऊनच परतली. हा भाऊ म्हणजे यशार, झेलिहाचा धाकटा मुलगा. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून 'जगेल' अशा अर्थाचं नाव ठेवलेलं. चांगला उभा गडी, पण छातीत पाणी झालं आणि वाळून चिपाड होऊन गेला.

"ती माती मी भिंगाखाली पाहिली," नुरहान म्हणाली. "त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया आहेत, आई. श्वासावाटे छातीत जाऊन बसतात. वीस-तीस वर्षांनी माणूस जातो."

"काहीतरीच! आपल्या सात पिढ्या या मातीत वाढल्या."

"आणि छातीच्या दुखण्याने गेल्या."

झेलिहाच्या अंगाची लाही झाली. शिकवून शहाणी केली ती हे ऐकायला? "सगळी माती सारखी नसते, शहाणे. तू कुठलीबद्दल बोलतेस?"

"तेच तर आमच्याकडे ठरेना." नुरहान अडखळली. "एकच खनिज दोन तऱ्हांनी असतं. एक फुटतं, त्याचे आखूड, जाड तुकडे पडतात. त्याला फारसं कुणी भीत नाही. दुसऱ्याचा धागा असतो. उभा चिरावा तितका चिरत जातो, बारीक होतो, पण तुटत नाही. तो वाईट. साहेब म्हणतात, आपली माती तुकड्यांतली."

झेलिहाच्या जिवात जीव आला. साहेब एवढा शिकलेला, उगाच म्हणेल होय? तुकडे म्हणजे तुकडे! आता लेक आत येईल, बाळ मांडीवर येईल. आणि यशार अल्लाच्या मर्जीने गेला, एवढंच खरं राहील.

"आणि तू काय म्हणतेस?" तिने विचारलं.

नुरहानने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

दारापाशी उरलेल्या मातीचं घमेलं होतं. झेलिहाने चिमूट उचलली, थुंकीने ओली केली, दोन बोटांत ओढली. धागा निघाला. तिने तो नखाने उभा चिरला. पुन्हा धागाच. आणखी चिरला. कसला तुकडा नि कसलं काय! जन्मभर निवडून निवडून तिने हीच घरात आणली होती.

बाळाला घ्यायला पुढे केलेले हात तिने मागे ओढले.

"हाजेर!" ती ओरडली, आणि लेकीला तशीच उभी सोडून चपलेशिवाय शेजारच्या अंगणात धावली.

"पोराला उचल! त्या मातीवरून उचल आधी!"

हाजेर गोंधळली. "अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. विंचू-बिंचू निघाला की काय?"

"उचल गं, तुझ्या पाया पडते." झेलिहाने आपले पांढरे झालेले हात पाठीमागे धरले होते. "यशारला मी उचललं नव्हतं."